क्लबकडून १४व्या वर्षी, देशाकडून ३६व्या: गोलरक्षक रॉनी सिम्पसनची कारकीर्द नीट समजून घेताना

नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४–२ असं हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदाच पुरुषांच्या विश्वचषकात जागा मिळवली. त्या रात्री स्कॉटलंडच्या गोलमध्ये उभा होता क्रेग गॉर्डन, वय वर्षं ४२. ज्या खेळात तिशी ओलांडली की निवृत्तीची चर्चा सुरू होते, तिथे बेचाळिशीतला माणूस देशाचा गोलरक्षक कसा, असा प्रश्न फुटबॉल अधूनमधून पाहणाऱ्या कुणालाही पडेल.

वयस्कर गोलरक्षकांचा विषय निघाला की स्कॉटलंडमध्ये रॉनी सिम्पसनचं नाव येतंच. त्याचा जन्म १९३० चा, ग्लासगोचा. क्लबकडून पहिला मोठा सामना तो १९४५ मध्ये खेळला तेव्हा १४ वर्षांचा होता. देशाच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला १९६७ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी. आणि त्यानंतर चाळीसच दिवसांनी तो युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकणाऱ्या सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबचा गोलरक्षक होता.

या दोन पदार्पणांमधली जवळपास २२ वर्षं कुठे गेली? ही गोष्ट बहुतेक वेळा नशिबाचा खेळ म्हणून सांगितली जाते. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. पण त्या काळात फुटबॉलपटूचं आयुष्य कोणत्या नियमांनी बांधलेलं होतं हे कळलं, की या विचित्र तारखा बऱ्याच कमी विचित्र वाटू लागतात. सिम्पसनचा मोठेपणाही मग जास्त नेमका दिसतो.

चौदा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या सामन्यात कसा?

साल महत्त्वाचं आहे. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातलं महायुद्ध संपलं, पण सैन्यात गेलेले खेळाडू लगेच घरी परतले नव्हते. जो उपलब्ध आणि खेळण्याच्या लायकीचा, त्याला घेऊन क्लब संघ उभे करत होते. सिम्पसन क्वीन्स पार्ककडून उतरला तो अशा दिवसांत.

क्वीन्स पार्क हा स्कॉटलंडचा सगळ्यात जुना क्लब, १८६७ चा. हॅम्पडन पार्क हे तेव्हा त्यांचं मैदान. हा क्लब हौशी होता, म्हणजे खेळाडूंना खेळण्याचे पैसे देत नसे. पगारी संघांबरोबर लीगमध्ये खेळूनही त्यांनी हे तत्त्व २०१९ पर्यंत सोडलं नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून खेळाडूचा एक दरवाजा उघडा राहायचा, तो ऑलिम्पिकचा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ब्रिटनच्या हौशी संघात सिम्पसनची निवड झाली. प्रशिक्षक होते मॅट बझ्बी. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटन डेन्मार्ककडून ५–३ हरलं.

आपल्या वाचकांना ही स्पर्धा वेगळ्या कारणाने आठवेल. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ इथेच फ्रान्सशी खेळला, बरेचसे खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण २–१ हरलो. पुढच्या फेरीत त्याच फ्रान्सला ब्रिटनने १–० असं बाहेर काढलं.

घरातही फुटबॉल होतंच. वडील जिमी सिम्पसन हे रेंजर्सचे आणि स्कॉटलंडचे कर्णधार. ग्लासगोत रेंजर्स आणि सेल्टिक या दोन क्लबांचं वैर किती खोल आहे हे माहीत असणाऱ्याला पुढची गंमत लगेच कळेल: रेंजर्सच्या कर्णधाराचा मुलगा सेल्टिकच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या दिवशी त्यांच्या गोलमध्ये उभा राहिला.

क्लब बदलायचा, तर अडचण कुठे होती?

१९५० मध्ये सिम्पसन पगारी खेळाडू झाला. आधी ग्लासगोचाच थर्ड लॅनार्क, आणि १९५१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधला न्यूकॅसल युनायटेड. न्यूकॅसलला तो नऊ वर्षांहून अधिक काळ होता. आजच्या वाचकाला हे प्रकरण कळण्यासाठी एक जुनी व्यवस्था समजून घ्यावी लागेल.

त्या काळी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात असायची. हंगाम संपला की आपण कोणाला ठेवतोय आणि कोणाला सोडतोय याची यादी क्लब काढायचा. ज्याला ‘ठेवला’, त्याचा करार संपला असला तरी दुसरीकडे खेळता येत नसे. क्लबने देऊ केलेल्या अटी त्याने नाकारल्या तर पगारही बंद. शाळेने दाखला अडवून धरला की पोराला दुसऱ्या शाळेत नाव घालता येत नाही, तसंच हे. फरक इतकाच की इथे प्रश्न कर्त्या माणसाच्या रोजीरोटीचा होता.

त्यावर पगाराची कमाल मर्यादा. इंग्लंडच्या लीगमध्ये कोणत्याही क्लबने कोणत्याही खेळाडूला ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, असा नियम होता. १९५८ पासून ही मर्यादा हंगामात आठवड्याला २० पौंड होती. वेम्बलीवर अंतिम सामन्याला एक लाख प्रेक्षक येत होते आणि मैदानावरचा सर्वात मोठा तारासुद्धा या रेषेच्या वर जाऊ शकत नव्हता. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली.

दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहा. क्लबच्या मर्जीशिवाय हलता येत नाही, आणि इंग्लंडमध्ये हलून पगार वाढत नाही. मग माणूस एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं राहतो, यात निष्ठा असेलही, पण पर्यायांचा अभावही असतो. न्यूकॅसलने सिम्पसनला जबरदस्तीने अडकवून ठेवलं असा माझा दावा नाही. मात्र ही व्यवस्था मोडून काढणारा खेळाडू त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये होता. जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये न्यूकॅसलशी नवा करार करायला नकार दिला आणि खेळ थांबवून बाहेर नोकरी धरली. त्या वर्षाच्या अखेरीस तो आर्सेनलला गेला, पण खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की खेळाडूला असं धरून ठेवणं हे त्याच्या उपजीविकेवर अवाजवी बंधन आहे. करार संपलेला खेळाडू पूर्णपणे मोकळा व्हायला मात्र १९९५ चा युरोपीय न्यायालयाचा बॉसमन निकाल यावा लागला.

क्रेग गॉर्डनशी तुलना करताना हा फरक विसरता कामा नये. गुडघ्याच्या दुखण्याने तो २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षं क्लबविना होता, आणि मग सेल्टिकने त्याला हस्तांतरणाचं शुल्क न देता घेतलं. उताराला लागलेल्या गोलरक्षकाला नव्याने सुरुवात करण्याची अशी मोकळीक सिम्पसनच्या पिढीला नव्हती.

बदली खेळाडू नाही म्हणजे नक्की काय?

न्यूकॅसलमध्ये सिम्पसनने एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची मुख्य स्पर्धा, दोनदा जिंकला: १९५२ मध्ये आर्सेनलवर १–०, १९५५ मध्ये मँचेस्टर सिटीवर ३–१. दोन्ही सामन्यांत एक गोष्ट सारखी घडली. १९५२ ला आर्सेनलचा वॉली बार्न्स पहिल्या अर्ध्यातच गुडघा दुखावून बाहेर गेला. १९५५ ला सिटीचा जिमी मेडोज विसाव्या मिनिटाच्या आसपास गेला. त्यांच्या जागी कुणीही आलं नाही, कारण बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा.

इंग्लंडच्या लीगमध्ये दुखापतीसाठी एक बदली खेळाडू चालू झाला तो १९६५–६६ च्या हंगामात. स्कॉटलंडमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी.

बचावपटू गेला तर संघ कसाबसा जागा भरून काढतो. गोलरक्षक गेला तर बाहेरचा खेळाडू त्याची जर्सी चढवून गोलमध्ये उभा राहायचा. म्हणून गोलरक्षक शक्यतो मैदान सोडतच नसे. १९५५ च्या अंतिम सामन्यात सिम्पसनच्या समोरच्या गोलमध्ये बर्ट ट्राउटमन होता. पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात याच ट्राउटमनच्या मानेचं हाड मोडलं आणि तशा अवस्थेत तो शेवटपर्यंत खेळला. ही कथा नेहमी शौर्याची म्हणून सांगतात, आणि ते शौर्य होतंच. पण त्याच्यामागे एक नियमही उभा होता, आणि तो नियम क्रूर होता असं मला स्पष्टपणे वाटतं.

गोलरक्षकाला धक्का मारणं खरंच चालायचं?

चालायचं. चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देणं हे नियमांत बसत होतं. १९५७ च्या एफए कप अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपार्लंडच्या धडकेने मँचेस्टर युनायटेडच्या रे वुडच्या गालाचं हाड मोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी नॅट लॉफ्टहाउसने हॅरी ग्रेगला चेंडूसकट जाळ्यात ढकललं आणि तो गोल धरला गेला.

आता बाकीचं सामान पाहा. चेंडू कातड्याचा, पावसात पाणी पिऊन जड होणारा. हात बहुतेक वेळा उघडे, फार तर पावसात लोकरीचे हातमोजे. गोलच्या तोंडासमोर हिवाळाभर चिखल.

यावर कुणी म्हणेल, गोलरक्षकाला पळावं लागत नाही, म्हणून तो जास्त वर्षं टिकतो, यात विशेष काय? पळापळ कमी हे खरं. अनुभवाने जागा धरण्याची अक्कल वाढते हेही खरं. पण वर सांगितलेल्या परिस्थितीत बोटं, खांदे आणि बरगड्या वीस-पंचवीस वर्षं शाबूत ठेवायच्या, ही सोपी गोष्ट नाही. सिम्पसन काही धिप्पाड नव्हता. त्याचं बळ चपळाईत आणि चेंडू कुठे येणार हे आधी ओळखण्यात होतं. धडक टाळायची तर धडकेच्या आधी तिथे पोचावं लागतं.

मग देशाने इतकी वर्षं का विचारलं नाही?

सर्वात मोठा आक्षेप हाच. दोन एफए कप जिंकणारा माणूस खरोखर चांगला असता तर ३६ वर्षांचा होईपर्यंत थांबावं लागलं असतं का?

गोलरक्षकाची जागा एकच असते. आघाडीला चार-पाच जणांना संधी मिळते, मधल्या फळीत फेरबदल होतात. गोलमध्ये एकजण जमला की बाकीचे सगळे बाहेर. स्कॉटलंडकडे असे तिघे जमले. ग्रीनॉकच्या मॉर्टन क्लबचा जिमी कोवन: वेम्बलीवर १९४९ मध्ये त्याने इंग्लंडला असं रोखलं की तो सामना त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याचे २५ आंतरराष्ट्रीय सामने. मग टॉमी यंगर, आधी हिबर्नियनचा, नंतर लिव्हरपूलचा, २४ सामने. मग बिल ब्राउन, टॉटनहॅमसाठी १९६१ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकणारा, २८ सामने. सिम्पसनची ऐन उमेदीची बरीचशी वर्षं या तिघांत वाटली गेली.

शिवाय संघ निवडायची ती स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनची निवड समिती. तिच्या निवडीत सातत्य नसे अशी टीका तेव्हाही होत होती. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या स्कॉट खेळाडूंकडे समिती दुर्लक्ष करते, अशी तक्रार नेहमीची. पण यंगर आणि ब्राउन इंग्लंडमध्येच खेळत असताना निवडले गेले, त्यामुळे सिम्पसनचं उत्तर एवढ्या एका कारणात सापडत नाही. न्यूकॅसलमधल्या शेवटच्या काळात दुखापतींमुळे क्लबच्या संघातलीही त्याची जागा पक्की राहिली नव्हती. ऑक्टोबर १९६० मध्ये तो एडिनबराच्या हिबर्नियनला आला तेव्हा तिशी गाठली होती.

त्यानंतर काही महिन्यांतच, १५ एप्रिल १९६१ ला, स्कॉटलंड वेम्बलीवर इंग्लंडकडून ९–३ हरलं. ब्राउन उपलब्ध नव्हता आणि गोलमध्ये होता सेल्टिकचा फ्रँक हॅफी. त्या एका दुपारने हॅफीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपवली. गोलरक्षकाच्या बाबतीत हिशेब इतका कठोर असतो. सिम्पसनला ती संधी तेव्हा मिळाली नाही हे दुर्दैव होतं की सुदैव, यावर मी बराच विचार केला आहे. माझं मत सुदैवाकडे झुकतं.

चौतिशीला टेकलेल्या गोलरक्षकाला कोण घेतं?

१९६४ मध्ये हिबर्नियनचे मॅनेजर म्हणून जॉक स्टीन आले. सिम्पसन त्यांच्या योजनेत बसला नाही, आणि सप्टेंबरमध्ये त्याची रवानगी सेल्टिककडे झाली. तिथे पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता जॉन फॅलन. अनुभवी राखीव माणूस म्हणून दोनेक वर्षं काढावीत आणि थांबावं, इतपतच हा सौदा होता.

मार्च १९६५ मध्ये स्टीन स्वतःच सेल्टिकला मॅनेजर होऊन आले. ज्यांनी विकलं तेच पुन्हा साहेब. पुढच्या हंगामात याच स्टीन यांनी सिम्पसनला पहिल्या संघात उभं केलं, आणि सेल्टिकने १९५४ नंतर पहिल्यांदा लीग जिंकली. आधीचा निर्णय मोडायला तयार असणारा मॅनेजर आणि मनात अढी न धरणारा खेळाडू, दोघांचंही मला कौतुक वाटतं. बाकीची पोरं विशी-पंचविशीतली. ती सिम्पसनला ‘फेदर’ म्हणत, म्हणजे स्कॉट बोलीत बाप.

मग १९६७ चा एप्रिल. स्कॉटलंडचे नवे पूर्णवेळ मॅनेजर बॉबी ब्राउन स्वतः जुने गोलरक्षक होते, सिम्पसनसारखेच क्वीन्स पार्कमधून आलेले. पहिल्याच मोठ्या परीक्षेसाठी त्यांनी सिम्पसनला निवडलं. सामना वेम्बलीवर, समोर आदल्या वर्षीचा विश्वविजेता इंग्लंड, १९ सामने अपराजित. तारीख १५ एप्रिल, म्हणजे ९–३ ला बरोबर सहा वर्षं.

स्कॉटलंड ३–२ जिंकलं. लॉ, लेनक्स आणि मॅककॅलिऑग यांचे गोल. इथेही तो जुना नियम डोकावतोच: इंग्लंडचा जॅक चार्ल्टन सुरुवातीलाच पायाला दुखापत होऊन लंगडू लागला, बदली खेळाडूची सोय नाही, म्हणून त्याला पुढे आघाडीला पाठवलं. त्या अवस्थेत त्याने एक गोलही केला. हा विजय त्यामुळे कमी मोलाचा ठरतो का? मला तसं वाटत नाही. सिम्पसन वीसहून अधिक वर्षं त्याच नियमाखाली खेळला होता, आणि त्याचा फायदा-तोटा दोन्ही बाजूंनी त्याने पाहिला होता.

लिस्बनला त्याने केलं काय?

२५ मे १९६७, लिस्बनचं राष्ट्रीय स्टेडियम, युरोपियन कपचा अंतिम सामना, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. सेल्टिकसमोर मिलानचा इंटर, त्या काळी बचावाच्या खेळात जगात सर्वात तरबेज समजला जाणारा संघ. सेल्टिकचे सगळे अकरा खेळाडू ग्लासगोपासून तीसेक मैलांच्या आत जन्मलेले.

सुरुवातीलाच माझोलाने पेनल्टीवर गोल केला. नंतर सेल्टिकने इंटरवर मारा सुरू केला, तो थांबलाच नाही. गेमेल आणि चामर्स यांचे गोल, सेल्टिक २–१. आकडे पाहणारा म्हणेल की त्या दिवशी खरा गोलरक्षक इंटरचा सार्ती, कारण वाचवायचं सगळं काम त्यालाच पडलं. बरोबर आहे.

पण चित्रफितीत एक प्रसंग आहे. सेल्टिकचे बचावपटू बरेच पुढे गेलेले, चेंडू त्यांच्या मागे येतो, इंटरचा आघाडीपटू त्याच्यावर झडप घालायला धावतो. सिम्पसन पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर येतो. तिथे हात वापरता येत नाहीत. तो चेंडू लांब भिरकावून देत नाही, तर टाचेने मागे सरकवून जॉन क्लार्ककडे देतो. बॅकहील, गोलरक्षकाकडून, युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात.

आज हे पाहून फारसं आश्चर्य वाटणार नाही, कारण गोलरक्षकाने पायांनी खेळणं आता गृहीत धरलेलं आहे. तेव्हा तसं नव्हतं. स्वतःच्या बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलायचा नाही, हा नियम आला १९९२ मध्ये. त्याआधी गोलरक्षकाला पायांची गरज चेंडू लांब मारण्यापुरतीच. स्टीन यांना सगळा संघ पुढे सरकवून खेळायचा होता, आणि तसं खेळायचं तर मागच्या मोकळ्या जागेची राखण करणारा, न घाबरणारा माणूस हवा. ती टाच त्या धाडसी खेळाचाच भाग होती. सिम्पसनला सार्तीपेक्षा कमी झेप घ्याव्या लागल्या म्हणून तो त्या विजयात कमी होता, हे म्हणणं म्हणून मला पटत नाही.

त्याच्या गोलजाळ्यात त्या दिवशी एक टोपी ठेवलेली होती. त्यात त्याचे आणि काही सहकाऱ्यांचे काढून ठेवलेले कृत्रिम दात होते, सामना जिंकल्यावर फोटोत हसायचं म्हणून.

नंतर?

त्या वर्षी स्कॉटलंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सिम्पसनला निवडलं. देशासाठी त्याचे एकूण सामने पाचच झाले.

लिस्बनला सेल्टिकच्या बाकावर एकच राखीव माणूस होता, गोलरक्षक जॉन फॅलन. नियम हळूहळू माणसात येत होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अर्जेंटिनातल्या आवेयानेदाला, युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधल्या लढतीत, रेसिंग क्लबविरुद्धचा सामना सुरू होण्याआधीच गर्दीतून भिरकावलेली वस्तू सिम्पसनच्या डोक्याला लागली. तो खेळू शकला नाही, आणि गोलमध्ये फॅलन उभा राहिला.

त्यानंतरही सिम्पसन दोन वर्षं सेल्टिकचा गोलरक्षक होता. खांदा निखळू लागला तेव्हा १९७० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने खेळणं सोडलं. २००४ मध्ये त्याचं निधन झालं.